पाडसाची हाक

आमच्या गावात शिकार पुरुष करत आणि तिची गोष्ट आत्या सांगायची. आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची आत्या. तरुणपणी नवरा गेला तेव्हा ती भावाच्या घरी परतली ती कायमची, आणि पुढे शेजारपाजारचे लहानथोर सगळेच तिला आत्या म्हणू लागले. तिनं आयुष्यात कधी वाघरीची जाळी लावली नव्हती की फासा मांडला नव्हता. पण कुठल्या वर्षी कुठल्या ओढ्यातून डुकरीण कशी निसटली, कुणाचा कुत्रा ऐनवेळी मागं फिरला, सशानं वाघरीच्या तोंडाशी येऊन कशी कोलांटी मारली, हे तिच्याइतकं कुणालाच सांगता येत नसे. शिकारीला स्वतः गेलेले गडीसुद्धा आपलीच शिकार तिच्या तोंडून ऐकायला आमच्या छपरीत येऊन बसत. मध्येच कुणी म्हणालं, "आत्या, तसं न्हवतं झालेलं," की ती हातातलं काम न थांबवता विचारी, "मंग तू सांग." तो दोन वाक्यं बोले आणि अडखळे. आत्या पुढं चालू करी.

पालमच्या पुढं, गंगेच्या अलीकडं माळावर आमचं गाव. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणायचो. माळवदाचं दोन खणांचं घर, पुढं लाकडी आढ्याची छपरी, तिच्या बाजूलाच परस आणि परसात कडब्याची गंज. जमीन आमची नव्हती. गावच्या मालकांचं एक मोठं रान दादा बटईनं, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, करत. घरात माणसं चारच होती: दादा, माय, आत्या आणि मी. माय पेडगावच्या माळकरी घरातली. लग्न होऊन आली तरी गळ्यातली माळ तिनं उतरवली नाही आणि कुणी उतरव म्हणालंही नाही. त्यामुळं घरातल्या चुलीवर ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, वरण, आणि परसात तीन दगडांच्या चुलीवर आत्याचं वेगळं मडकं, अशी आमची वाटणी होती. ससा किंवा तितर आलं की आत्या येसराचा मसाला घालून रस्सा करायची. करडईच्या तेलाचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास परसातून छपरीत येई. माय आत बसून भाकरी थापे, त्या भाकरी बाहेर आणून देई, आणि पाठ करून बसे. तिनं कधी नाक मुरडलं नाही आणि आत्यानं कधी तिला आग्रह केला नाही. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

ज्वारी काढून झाली, रानं मोकळी झाली, की शिकारीचे दिवस येत. वाघर महबूबचाचांची असे. महबूबचाचा आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. अंबाडीच्या वाखाची बारीक दोरी वळून तिची लांबच लांब जाळी विणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ओढ्याच्या अंगाला ती जाळी काठ्यांवर उभी करायची, दोन-तीन गडी तिच्याआड बसायचे, आणि बाकीच्यांनी पलीकडून डबे वाजवत, हाकारे घालत यायचं. त्यातल्या चालीरीती आत्यानं आम्हा पोरींना गोष्टींतूनच शिकवल्या. रानात शिरल्यावर सशाला ससा म्हणायचं नाही, लांबकान्या म्हणायचं, डुकराला काळा म्हणायचं, हरणीला लेकुरवाळी. नाव घेतलं की ते ऐकतं, असं ती सांगे. गडी रानात असताना घरच्या बाईनं केर काढायचा नाही, त्यानं माग पुसला जातो. पहिला तुकडा बांधावरच्या म्हसोबाला. मग पळसाच्या पानांवर वाटे पडत. हाकारा घालणाऱ्या प्रत्येकाला सारखा वाटा, कुत्र्यालाही वाटा, आणि ज्या घरात बाई गरोदर असेल त्या घराला दोन. पोटातलंही हाकाऱ्याला आलं होतं, असं धरून चालायचं.

एका वर्षी आमच्या घराला दोन वाटे आले. माय मांस खात नव्हती, तरी महबूबचाचांनी स्वतः दोन पानं छपरीत आणून ठेवली आणि म्हणाले, "रीत सो रीत हाय बाई. खानेवाला खाईल न खाईल, हिस्सा उसका हाय." माय पदरात हसली होती. तिला इतकं लाजून हसताना मी एवढ्या एकाच वेळी पाहिलं.

मला शिकारीच्या जवळ नेलं ते माझ्या आवाजानं. भाऊ नव्हता म्हणून दादा मला कुठंही सोबत न्यायचे. पहाटे बांधावर बसलं की तितर ओरडायचा. महबूबचाचांना त्यात 'सुभान तेरी कुदरत' ऐकू येई, आत्याला 'पेर तीळ, पेर तीळ' ऐकू येई. मला शब्द ऐकू येत नसत, नुसता घसा ऐकू येई. तो कुठं घट्ट होतो, कुठं सुटतो ते कळे. एकदा मी सहज तसाच आवाज काढला आणि पलीकडच्या बाभळीखालून उत्तर आलं. दादांनी माझ्याकडं वळून पाहिलं. मी पुन्हा काढला. नर तरातरा चालत आमच्यापासून चार हातांवर येऊन मान ताठ करून उभा राहिला, आपल्या रानात दुसरा कोण आला ते बघायला. त्यानंतर दादा पालमच्या टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचे केस आणत, त्यांचे फासे वळत, आणि मी बोलवत असे. गावात बोभाटा झाला की किसनाची इमल तितराशी बोलती. खरं सांगायचं तर मला त्याचा फार अभिमान होता. शाळेत मी काही पहिली-दुसरी येत नव्हते. पण पाखरू मला उत्तर देत होतं.

आत्याला मात्र हे पुरतं आवडलं नसावं. तिनं मनाई केली नाही. एक गोष्ट सांगितली. तुरीच्या शेंगा सोलत, नेहमीच्या संथ सुरात. गंगेकाठी एक पारधी होता, त्याला रानातले सगळे आवाज यायचे. त्याच्या गुरूनं त्याला सगळे दिले, एक सोडून. पाडसाचा आवाज काढायचा नाही, म्हणून बजावलं होतं. बाकीचे आवाज म्हणजे भांडण, नाहीतर लग्न. त्यात फसायचं की नाही ते जनावराच्या हातात असतं. पाडसाची हाक ऐकून आईला थांबता येत नाही. मग दुष्काळ पडला. रानात काही उरलं नाही तेव्हा त्यानं तो आवाज काढला. हरणी आली, अगदी समोर येऊन उभी राहिली, इकडं तिकडं बघायला लागली. त्यानं तिला मारलं. घरी आला तर पाळण्यात त्याचं लेकरू रडत होतं आणि बायको निवांत बसून होती. तो म्हणाला, अगं, पोराला घे की. ती म्हणाली, "आपलं कुटं रडायलंय? त्ये तर रानात पाडस रडायलंय." त्या बाईला पुन्हा कधी आपल्या लेकराचं रडणं ओळखू आलं नाही. एवढं सांगून आत्या नेहमीसारखी म्हणाली, "रानाची गोष्ट रानात गेली," आणि शेंगांची टरफलं सुपात भरून उठली.

आमचं बाळ आलं आणि गेलं ते दोन वाटे आले त्याच वर्षी. मुलगा होता. छपरीच्या आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. माय काम करता करता दोरी ओढी. बारसं व्हायच्या आधीच त्याला ताप आला. बैलगाडीतून पालमला नेलं, आणि ती गाडी संध्याकाळी परत आली तेव्हा आत्यानं मला शेजारी पाठवून दिलं होतं. झोळी कुणी सोडली, कधी सोडली, मला माहीत नाही. घरात त्याच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. त्याला नावच नव्हतं, त्यामुळं बोलायचं झालं तरी काय म्हणून बोलायचं हाही प्रश्न होता. कुणी मायला विचारलं, लेकरं किती, तर ती माझ्याकडं बोट करून म्हणे, "ही एकच." पुढच्या वर्षी शिकारीचे वाटे पडले तेव्हा महबूबचाचांनी आमच्या घरचा एक वाटा ठेवला, हात दुसऱ्या पानाकडं गेला आणि तसाच मागं आला. दादांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

पाडसाचा आवाज मी शिकायला गेले नव्हते. मालकांच्या रानात तूर उभी होती, तिथं कुत्र्यांनी एक पाडस कोंडलं. आम्ही धावत पोचेपर्यंत ते ओरडत होतं. बारीक, फाटका, मध्येच तुटणारा आवाज. दादांनी ढेकळं मारून कुत्री हाकलली, पाडस उचलून ओढ्यापलीकडं सोडलं, आणि आम्ही लांब जाऊन बसलो. हरणी आली. त्याला हुंगत उभी राहिली आणि घेऊन गेली. परतीच्या वाटेवर, मागून शेजारच्या रानातले गडी येत होते तेव्हा, माझ्या घशात तो आवाज आपोआप आला. दादा पुढं चालले होते. ते थांबले, वळले आणि म्हणाले, "ह्यो न्हाई काढायचा." एरवी ते मला कधी अडवत नसत, म्हणून मी कारण विचारलं नाही.

त्याच हंगामात मालकांकडं पाहुणे आले. जीप होती, बंदूक होती. आमच्या माळावर तेव्हा हरणांचे कळप पुष्कळ असत, पण जीपच्या आवाजानं ते लांब जात. दोन दिवस पाहुणे मोकळ्या हातानं परतले तेव्हा कुणीतरी मालकांना माझं सांगितलं. मालकांनी दादांना वाड्यावर बोलावलं. ते काही वाईट माणूस नव्हते. सुगीला घरच्या माणसासारखं वागवत. त्यांनी साधंच विचारलं, "किसना, तुझ्या पोरीला हरणाच्या पिलाचा आवाज येतो म्हणं? उद्या दुपारनं जीप येईल तुमच्याकडं. एक हरीण पडलं की पाहुणे खूश होऊन जातील." दादा "बघतो, मालक" म्हणून आले. बटई दर पाडव्याला नवी ठरायची आणि पाडवा जवळ आला होता. हे मला नंतर समजलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की दादा जेवताना भाकर हातात घेऊन बसून राहिले आणि वरण गार झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला परसात, कडब्याच्या गंजीमागं नेलं. "त्यो आवाज याद हाय का अजून?" त्यांनी खाली बघत विचारलं. मी म्हणाले, आहे. "काढ बरं एकदा. हळू."

मी दोन्ही हातांची ओंजळ तोंडावर धरली. पहिला आवाज जमला नाही, जाड आला. दुसऱ्या वेळी घसा नीट आवळला आणि तो आला. बारीक, फाटका, मध्येच तुटणारा. मला इतका आनंद झाला की मी न सांगताच तिसऱ्यांदा काढला.

आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला. माय बाहेर आली. चालत नाही, धावत आली. हाताला पीठ तसंच, पदर खांद्यावरून घसरलेला. आम्ही गंजीच्या कडेला तिला दिसू असेच होतो, पण तिनं आमच्याकडं पाहिलं नाही. ती सरळ छपरीत गेली, आढ्याखाली, झोळी टांगलेली असायची तिथं, आणि झोळी जितक्या उंचीवर असायची तितक्या उंचीवर तिनं दोन्ही हात पुढं केले. हात रिकाम्या हवेत गेले. ती तशीच उभी राहिली. मग तिनं आपल्या हातांकडं पाहिलं, पिठाकडं पाहिलं, आणि सावकाश मान वळवून आम्हाला पाहिलं.

"कोण रडायलंय?" तिनं विचारलं.

"कुणी न्हाई," दादा म्हणाले. "कुणी न्हाई, तू जा आत."

"मला वाटलं..." माय म्हणाली, आणि आत गेली. थोड्या वेळानं भाकरी थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. आत्या उंबऱ्याशी बसली होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती उठली, मायच्या शेजारी जाऊन बसली, आणि तिच्या हातातलं पीठ काढून घेऊन स्वतः थापायला लागली.

इतक्या वर्षांत मी या दुपारचा विचार पुष्कळ केला आहे. आत्याची गोष्ट मी तोवर जादूटोण्याची गोष्ट समजत होते, नियम मोडला की शाप लागतो तशी. पण त्या गोष्टी रचणाऱ्या माणसांनी कधीतरी एखादी बाई अशी धावत आलेली पाहिली असणार, असं आता वाटतं. पाहिलेलं सरळ सांगता आलं नसेल, म्हणून त्यांनी ते पारध्याच्या माथी मारलं असेल.

जीप आली. दादांनी मला हाताला धरून सोबत घेतलं आणि आम्ही जीपपर्यंत चालत गेलो. मालक पुढं बसले होते, मागं पाहुणे आणि बंदूक. मालक म्हणाले, "चढ किसना. पोरीला मागं बसव."

"न्हाई जमायचं मालक," दादा म्हणाले.

"का? येत न्हाई का तिला?"

"येतो."

"मग?"

"आवाज काढला की हरणी येती, मालक. येतीच. म्हणून न्हाई काढायचा."

मागचे पाहुणे हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी दादांकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "एका जनावरापायी नाही म्हणतोस मला?"

"तसं समजा," दादा म्हणाले. "तुमचं लय केलेलं हाय आमच्यावर. दुसरं कायबी सांगा, रात न्हाई दिवस न्हाई, करीन. ह्ये तेवढं आमच्या घरात होणार न्हाई."

"बरं," मालक म्हणाले, आणि जीप गेली. घरापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

पाडव्याला रान दुसऱ्याला दिलं गेलं. भांडण झालं नाही, शब्द वाढला नाही. निरोप्या आला आणि सांगून गेला. गावात दुसरी बटई मिळेना, कारण मालकांनी सोडलेला माणूस कुणी धरायचा हा ज्याला त्याला प्रश्न होता. महबूबचाचा एका संध्याकाळी येऊन बसले, चहा प्यायले, आणि जाताना दादांना म्हणाले, "तुमनं अच्छा किया किसनभाई. मगर मैं होता तो डर जाता." दादा म्हणाले, "मी बी डरलोच की."

आम्ही मायच्या माहेरी, पेडगावला आलो. दादा मामांच्या रानात राबले, नंतर परभणीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये लागले. मी परभणीच्या शाळेत जाऊ लागले, पुढं तिथंच शिक्षिका झाले, इथंच म्हातारी झाले. आत्याही आमच्यासोबत आली, पण मामांचं सगळं घर माळकरी. तिथं शिकारीच्या गोष्टी ऐकायला कुणी बसेना. ती त्या फक्त मला सांगायची, आणि सांगता सांगता मध्येच थांबून विचारायची, "ह्ये असंच झालतं ना गं?" जणू मीच तिथं होते. तिच्या कितीतरी गोष्टी तिच्याबरोबर गेल्या. माझ्याकडं उरल्या त्या अर्ध्यामुर्ध्या आहेत.

परवा मामांचा नातू घरी आला होता. त्याच्या सोयाबीनमध्ये हरणं शिरतात. त्यानं रानात भोंगा लावलाय. त्यातून वाघाची डरकाळी आणि कुत्र्यांचं भुंकणं आलटून पालटून वाजतं. "पहिले आठ दिवस भ्याली," तो सांगत होता, "आता भोंग्याखालीच चरायलीत." आम्ही दोघंही हसलो. त्याचं नुकसान खरं आहे, आणि त्याला मी काय उपाय सांगणार. मग तो म्हणाला, "आत्या, तुला हरणाचा आवाज येतो म्हणतात, खरं का?" मी म्हणाले, वयानं घसा गेला. ते खरंही असेल. त्या दुपारनंतर मी तो कधी काढून पाहिलेला नाही.

पेडगावला आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली एक गोष्ट सांगायची राहते. मी आणि माय हापशावर पाण्याला गेलो होतो. सकाळची वेळ, बायकांची रांग. माय लग्न होऊन गेली तेव्हा परकरात असलेली एक बाई आता दोन लेकरं कडेवर-हाताला घेऊन उभी होती. तिनं मायला ओळखलं, गळ्यात पडली, तब्येत विचारली, सासरचं विचारलं, आणि मग सगळ्या विचारतात तसं विचारलं, "लेकरं किती गं अक्का?"

मी हापसा मारत होते. मायनं घागरीखालची चुंबळ डोक्यावर नीट बसवली.

"दोन," ती म्हणाली. "ही इमल, अन् हिच्या पाठचा ल्योक. त्यो ऱ्हायला न्हाई."

"अगं बाई," ती बाई म्हणाली. मग तिनं हळूच विचारलं, "केवढा व्हता?"

आणि माय सांगू लागली. त्याचे केस कसे दाट होते, तो डाव्या कुशीवरच कसा झोपायचा, दूध पिताना मूठ कशी आवळायचा. मी यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. मागच्या बायकांनी घाई केली नाही. घागर भरून वाहू लागली तरी मी हापसा मारत राहिले, कारण मी थांबले असते तर ती थांबली असती.